‘रंग कुठला वापरलाय?’ हा प्रश्न मी विचारला नाही, आणि 240 सेट बाद झाले



मागच्या व्हिडिओत आपण पहिल्या परदेशी ऑर्डरबद्दल बोललो. तेव्हा ओघात मी म्हटलं होतं की माझी एक ऑर्डर रंगामुळे अडकली होती. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, “ताई, रंगामुळे म्हणजे काय? धुतल्यावर रंग गेला का?” नाही. रंग अगदी पक्का होता. अडचण वेगळीच होती, आणि ती दोन ओळींत सांगण्यासारखी नाही. म्हणून आजचा हा लेख. जरा मोठा आहे, पण कपडे, मूर्ती, खेळणी, खाण्याचे पदार्थ, रांगोळी, मेणबत्त्या, रंगाशी संबंध येणारा कुठलाही धंदा तुम्ही करणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

काय झालं होतं?

माझं दुकान दादरला. लहान मुलांचे कपडे, बाळंतविडा, बारशाचे सेट. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते बोरन्हाणाचं सामान. काळं झबलं, काळं टोपरं, मुलींसाठी काळं परकर-पोलकं, आणि त्यावर हलव्याचे दागिने. संक्रांतीला काळं घालायचं हे आपल्याकडे ठरलेलं, त्यामुळे एरवी लहान मुलांसाठी कोणी मागत नाही तो काळा रंग या दोन महिन्यांत ताक्यांनी लागतो.

जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी ताईंनी माझ्याकडे 240 सेटची ऑर्डर दिली. त्या तिकडच्या मराठी कुटुंबांना सणाचं सामान विकतात. सेटमागे 650 रुपये, म्हणजे एकूण 1,56,000. मी खूश. कापड घेतलं, शिवायला टाकलं, सेट तयार झाले. मग ताईंचा फोन आला, “माल पाठवायच्या आधी दोन तुकडे पाठव गं, इथल्या लॅबमध्ये टेस्ट करून घेते. नियम आहे.” मी पाठवले. माझी समजूत, रंग पक्का आहे की नाही ते बघत असतील.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात एक शब्द होता, बेंझिडिन. मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम, आणि आमच्या काळ्या कापडात त्याच्या दुपटीहून जास्त. ताईंनी शांतपणे विचारलं, “रंग कुठला वापरलाय?” मला उत्तर देता आलं नाही. माझ्या बिलावर फक्त ‘काळा कॉटन, 44 पन्ना’ एवढंच लिहिलेलं. तेही कच्चं बिल.

मी कापडवाल्याला विचारलं. त्याने डाइंगवाल्याचा नंबर दिला. मी स्वतः तिथे गेले. छोटं युनिट, चार माणसं कामाला. ज्या डब्यातून काळी पूड काढत होते त्यावर लेबलच नव्हतं. मोठ्या ड्रममधला माल कुणीतरी सुटा करून विकलेला, तो यांनी घेतलेला. त्यातला एक कामगार ती पूड उघड्या हाताने मापात भरत होता. नखं, तळहात, मनगटापर्यंत सगळं काळं. मी माझ्या दीड लाखाचा विचार करत गेले होते, तो हात बघून वेगळाच विचार सुरू झाला. तो काय, का, हे पुढे सांगते.

अजून एक गोष्ट. व्हिडिओत मी हे बोलले नव्हते. त्याच ताक्यातले जवळजवळ 60 सेट रिपोर्ट यायच्या आधीच माझ्या काउंटरवरून विकले गेले होते.

रंगात असं असतं तरी काय?

आधी दोन शब्द समजून घेऊ. डाय म्हणजे पाण्यात किंवा दुसऱ्या द्रवात विरघळून धाग्याच्या आत जाणारा रंग. पिगमेंट म्हणजे न विरघळणारी बारीक पूड, जी बाइंडरच्या मदतीने वरून चिकटते. कापड रंगवायला बहुतेक वेळा डाय, तर भिंतीचा रंग, छपाईची शाई, प्लास्टिक, मूर्तीवरचा रंग यांत बहुतेक पिगमेंट.

आता डायमध्ये सगळ्यात मोठं घराणं म्हणजे अझो. स्वस्त, चमकदार, हवी ती छटा मिळते. यातले बहुतेक रंग वापरायला चालतात. पण काही थोड्या अझो रंगांची रचना अशी असते की घामाने, त्वचेवरच्या जिवाणूंमुळे किंवा पोटात गेल्यावर त्यांचा मधला दुवा तुटतो आणि त्यातून अमाइन नावाची रसायनं सुटतात. त्यांपैकी काही अमाइन कर्करोगाला कारण ठरतात. बेंझिडिन त्यांतलंच. मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे.

ही माहिती नवी नाही बरं का. कृत्रिम रंगाचा शोध 1856 मध्ये लंडनच्या विल्यम पर्किनने लावला, जांभळा रंग. त्यानंतर जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये रंगाचे कारखाने उभे राहिले. आणि 1895 मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने दाखवून दिलं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दिसत आहेत. म्हणजे आधी फटका बसला तो रंग बनवणाऱ्या हातांना. कापड घालणाऱ्याचा धोका नंतर लक्षात आला. म्हणूनच त्या युनिटमधले काळे हात बघून मी गप्प झाले.

इथे घाबरवायचा हेतू नाही. असं झबलं एकदा अंगात घातलं म्हणून बाळ आजारी पडत नाही. धोका लांब पल्ल्याचा असतो आणि सगळ्यात जास्त असतो तो रोज पूड हाताळणाऱ्याला. पण तान्हं मूल कापड चघळतं, बाही तोंडात घालतं, हेही आपल्याला माहीत आहे. मग जो धोका टाळता येतो तो ग्राहकाच्या गळ्यात का घालायचा?

हा विषय आपल्या गिरणगावाला परका नाही

आपण लालबाग-परळ-दादरची माणसं. रंगाशी आपलं नातं जुनं आहे. बॉम्बे डाइंग 1879 मध्ये सुरू झाली तेव्हा ती मोठी गिरणी नव्हती. नौरोजी वाडियांनी सूत हाताने बुडवून रंगवायचं छोटं काम सुरू केलं होतं, तेही लाल, हिरवा आणि नारिंगी या तीनच रंगांत. आज आपण ‘लघुउद्योग’ म्हणतो तसंच. पुढे गिरण्या वाढल्या तसा रंग जाणणारा माणूस हवा झाला. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला, तेव्हा सुरुवातीच्या विषयांत कापडाचं रसायनशास्त्र होतं. तोच यूडीसीटी, आजची माटुंग्याची आयसीटी. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर लिहिलेले खंड जगभर वापरले गेले.

म्हणजे ज्ञान माटुंग्यात, गिरण्या परळ-लालबागला, विक्री दादर-गिरगावला, सगळं काही बसने जाता येईल एवढ्या अंतरात. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. गिरणीत रंगाचं खातं असायचं, रंग जाणणारा मास्टर असायचा, ड्रमवर नाव असायचं. काम बाहेरच्या छोट्या युनिटांमध्ये विखुरलं, आणि आपण छोटे दुकानदार तयार कापड घेऊन मोकळे झालो. रंग ओळखणारा माणूस आपल्या साखळीतून गेला. माझ्या कच्च्या बिलाची गोष्ट खरं तर इथून सुरू होते.

मोठे कारखानदार काय करतात?

आता धंद्याचा धडा. रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकमेकांच्या कट्टर स्पर्धक. पण 1974 मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात एक संघटना काढली, एटॅड. काम एकच, रंगांचा आरोग्यावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो ते एकत्र मिळून तपासायचं आणि सभासदांनी सुरक्षिततेचे ठरलेले नियम पाळायचे. बाझेल का? कारण सिबा, गायगी, सँडोझ ही मोठी रंगघराणी तिथलीच.

या संघटनेने केलेल्या एका पाहणीत 4,000 हून अधिक रंगांची माहिती एकत्र केली. त्यात दिसलं की 90 टक्क्यांहून जास्त रंग तोंडावाटे गेले तरी लगेच विषबाधा करणाऱ्या प्रकारचे नाहीत. एकट्या कंपनीने हे सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. सगळ्यांनी आपापली कागदपत्रं टेबलावर ठेवली म्हणून चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे वेगळं करता आलं. ही पाहणी तात्काळ विषबाधेची होती. कर्करोगाचा प्रश्न वेगळा, त्यासाठी नियम आले.

ते कसे आले, थोडक्यात बघा:

- 1994: जर्मनीने ठरावीक घातक अमाइन सोडणाऱ्या अझो रंगांवर बंदीचा कायदा केला. जर्मनी आपल्या कापडाचा मोठा गिऱ्हाईक, त्यामुळे भारतातले निर्यातदार खडबडून जागे झाले. लॅब उभ्या राहिल्या, पर्यायी रंग शोधले गेले.
- 1997: भारत सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 70 अझो रंगांवर बंदी घातली. बेंझिडिनवर आधारित 42 रंगांवर त्याआधीच बंदी आली होती.
- 2002: युरोपीय संघाने सगळ्या सभासद देशांसाठी एकच नियम केला. 22 अमाइन, मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम. हाच नियम पुढे रीच या मोठ्या कायद्यात गेला.
- 2007: रीच कायदा लागू झाला. त्यातली एक तरतूद मला फार आवडते. एकच रसायन विकणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांची माहिती एकमेकांना द्यायची, खर्च वाटून घ्यायचा, तीच चाचणी पुन्हा पुन्हा करायची नाही.

शेवटचा मुद्दा परत वाचा. कायदाच स्पर्धकांना सांगतो, खर्च वाटून घ्या. आपण मात्र शेजारच्या दुकानदाराला कापड कुठून आणलं तेही सांगत नाही!

मुंबईतही डायस्टफ्स मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही रंग उत्पादकांची संघटना आहे. म्हणजे बनवणारे संघटित आहेत, मोठे निर्यातदार संघटित आहेत. मधल्या आणि शेवटच्या टप्प्यावरचे आपण, सुटी पूड घेणारे, ताका घेणारे, शिवून विकणारे, आपलं काहीच नाही. बंदी असलेला रंग आत शिरतो तो इथूनच. माझा काळा कॉटन युरोपच्या नियमात बसत नव्हता हे खरं, पण तो भारताच्या नियमातही बसत नव्हता. 1997 चा नियम माझ्या दुकानाच्या दारापर्यंत पोचला नव्हता, कारण तो आत आणायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

मग त्या 240 सेटचं काय केलं?

खरं सांगते, पहिला विचार काय आला. संक्रांत तोंडावर. दादरला काळी झबली हातोहात जातात. माझ्या ओळखीचे एक दुकानदार म्हणालेसुद्धा, “अगं, इथे कोण तपासतंय? काउंटरवर लाव, आठ दिवसांत संपतील.” आणि संपले असते, यात शंका नाही.

दोन रात्री मी हिशेब करत बसले. मग ठरवलं, नाही. जी वस्तू मी माझ्या भाचीला घालणार नाही ती दुसऱ्याच्या बाळाला विकायची नाही. 240 सेट कात्रीने कापून बाद केले. ताईंचा आगाऊ घेतलेला पैसा परत केला. विकलेल्या 60 सेटपैकी ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्या 34 जणांना फोन केले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, तरी पहिल्या तीन फोनला आवाज कापत होता. “कापडाच्या रंगात दोष निघालाय, कृपया बाळाला घालू नका, पैसे परत घेऊन जा.” एक आजी चिडल्या, एकीने विचारलं डॉक्टरकडे नेऊ का, बाकीच्यांनी नीट ऐकून घेतलं. बाकी 26 जणांपर्यंत मी पोचू शकले नाही, कारण माझ्याकडे नंबरच नव्हते. त्याची रुखरुख अजून आहे. आज माझ्याकडे प्रत्येक बिलावर ग्राहकाचा मोबाइल आणि मालाचा लॉट नंबर असतो, तो या 26 जणांमुळे.

आता कामाचं: खरेदी करताना हे पाच कागद

वही काढा.

1. पक्कं बिल, लॉट नंबरसकट. कुठल्या ताक्याचं कापड कुठल्या कपड्यात गेलं, हे नंतर सांगता आलं पाहिजे. दोष निघालाच तर सगळा माल न टाकता तेवढाच लॉट बाजूला काढता येतो.

2. रंगाचं नाव आणि कलर इंडेक्स नंबर. एकच रंग दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. म्हणून 1924 पासून कलर इंडेक्स नावाची जागतिक यादी आहे, त्यात प्रत्येक रंगाला ठरलेलं नाव असतं. उदाहरणार्थ सी.आय. डायरेक्ट ब्लॅक 38 हा बेंझिडिनवर आधारित काळा रंग. डब्यावर ‘सुपर जेट ब्लॅक’ असं काहीही लिहिलेलं असो, सी.आय. नंबर विचारा आणि बंदीच्या यादीशी ताडून बघा.

3. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस. रंग बनवणारी कंपनी हा कागद देते. त्यात 16 भाग असतात. सगळे वाचू नका. दुसऱ्या भागात धोका काय, तिसऱ्यात आत काय आहे, आठव्यात हाताळताना काय घालायचं आणि पंधराव्यात कुठले नियम लागू आहेत, एवढं बघितलं तरी पुरे. ‘एसडीएस नाही’ असं उत्तर आलं तर समजा की डबा कुठून आला हे समोरच्यालाही माहीत नाही.

4. लेखी हमीपत्र. “या लॉटमध्ये बंदी असलेले अमाइन सोडणारे अझो रंग वापरलेले नाहीत,” असं सही-शिक्क्यानिशी. बाजारात याला ‘अझो फ्री’ म्हणतात. शब्दशः घेऊ नका, याचा अर्थ एकही अझो रंग नाही असा नसतो, बंदी असलेले नाहीत असा असतो. आणि नुसत्या स्टिकरवर विसंबू नका, स्टिकर कोणीही छापतो.

5. नमुना राखून ठेवा. प्रत्येक लॉटचा वीतभर तुकडा, तारीख आणि लॉट नंबर लिहून पाकिटात. दोन वर्षं ठेवा. पुढे वाद झाला तर हाच तुमचा साक्षीदार.

हे पाचही कागद मिळवायला पैसा लागत नाही, फक्त विचारावं लागतं. सुरुवातीला समोरचा वैतागतो. माझ्या दोन जुन्या कापडवाल्यांनी “इतकं विचारायचं असेल तर दुसरीकडे घ्या” असं तोंडावर सांगितलं. मी दुसरीकडे घेतलं.

‘नैसर्गिक रंग’ म्हटलं की सुटलो का?

नाही. हळद, मंजिष्ठा, नीळ हे नैसर्गिक, पण रंग पक्का बसवायला मॉर्डंट वापरतात. तुरटी वापरली तर ठीक, क्रोमियमचे क्षार वापरले तर प्रश्न तिथेच. म्हणून नैसर्गिकवाल्यालाही तेच पाच प्रश्न विचारा.

चाचणी कुठे आणि परवडणार कशी?

कागद पहिली पायरी. दुसरी पायरी लॅब. आपलं नशीब चांगलं, कारण टेक्स्टाइल्स कमिटीचं मुख्य कार्यालय प्रभादेवीतच आहे. 1963 च्या कायद्याने स्थापन झालेली ही सरकारी संस्था, तिच्या लॅबमध्ये कापडाच्या चाचण्या होतात. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, म्हणजे बीट्रा आहे. खासगी लॅबही आहेत. दर आणि किती कापड लागेल हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून आधी फोन करा आणि नेमकं सांगा, “बंदी असलेल्या अझो रंगांच्या अमाइनची चाचणी करायची आहे.” रंग पक्का आहे की नाही ही चाचणी वेगळी, दोन्हींत गल्लत करू नका. मी तीच केली होती.

आता खर्चाचा प्रश्न. एकट्याला प्रत्येक रंगाची चाचणी परवडत नाही, हे मला मान्य. इथेच ते बाझेलचं गणित कामाला आलं. पुढच्या हंगामात आम्ही पाच दुकानदार, तीन दादरचे आणि दोन गिरगावचे, एकत्र बसलो. पहिली बैठक चहातच गेली, कारण कोणीच आपला पुरवठादार सांगायला तयार नाही. शेवटी एक साधा नियम केला. डिझाइन आपापलं, दर आपापला, गिऱ्हाईक आपापलं. फक्त काळं कापड एकत्र घ्यायचं, एकाच डाइंगवाल्याकडून, एकाच लॉटमध्ये, आणि चाचणीचा खर्च मीटरच्या प्रमाणात वाटून घ्यायचा.

झालं काय? मोठी ऑर्डर म्हटल्यावर डाइंगवाल्याने कंपनीचा सीलबंद ड्रम आणला, सी.आय. नंबर दिला, एसडीएस दिली. एकटीने मागितलं असतं तर नसतं मिळालं. चाचणीचा माझ्या वाट्याचा खर्च एका सेटमागे चार रुपयांच्या आसपास पडला. चार रुपये! आदल्या वर्षी ते न घालवल्यामुळे दीड लाखाची ऑर्डर गेली होती.

एक काळजी घ्या. रिपोर्ट ज्या लॉटचा, त्याच लॉटला लागू. मागच्या वर्षीचा रिपोर्ट या वर्षीच्या कापडाला लावून फिरवणारे असतात. तसं करू नका आणि तसा रिपोर्ट कोणी दाखवला तर तारीख आणि लॉट नंबर बघा.

ऑर्डर देताना आम्ही अजून एक अट घातली. पूड मोजणाऱ्या माणसाला हातमोजे आणि मास्क, आणि खर्च बिलात लावा. डाइंगवाला हसला, “ताई, मोजे घातले की यांचा हात चालत नाही.” मी म्हटलं, “काका, हात राहिला तर चालेल ना.” दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा चौघांपैकी तिघांच्या हातात मोजे होते. चौथ्याशी अजून वाद चालू आहे.

तुमचा धंदा कपड्यांचा नसेल तर?

मूर्तिकार आणि मूर्ती विकणारे: लालबाग-परळच्या कारखान्यांतून काम घेणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे 2020 च्या मार्गदर्शक सूचना वाचून ठेवा. मूर्ती रंगवायला विषारी रासायनिक रंग आणि ऑइल पेंट नकोत, पाण्यात विरघळणारे, बिनविषारी रंग वापरा, असं त्यात स्पष्ट आहे. चमकी आणि फ्लोरोसंट रंग घेताना एसडीएस मागाच.

खेळणी, लाकडी वस्तू, पाळणे: घरगुती आणि सजावटी रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून आहे. झगझगीत पिवळा आणि नारिंगी दिसला की आधी शिशाबद्दल विचारा, कारण लेड क्रोमेट हे पिगमेंट त्याच छटांचं. शिवाय 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यात सूट आहे, ती तुम्हाला लागू होते का ते तपासा.

खाण्याचे पदार्थ: आपल्याकडे फक्त 8 कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांतच आणि साधारणपणे 100 पीपीएमच्या मर्यादेत. कापडाचा रंग खाण्यात कधीच नाही. रोडामाइन बी हा गुलाबी रंग सापडल्यामुळे मार्च 2024 मध्ये कर्नाटकाने रंगीत बुढ्ढी के बाल विकायला आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. चूक काहींची होती, गाडी सगळ्यांचीच थांबली. गाडीवाल्यांनी आधीच एकत्र येऊन परवानगी असलेला सीलबंद रंग घेतला असता तर?

“पण ग्राहक कुठे विचारतो?”

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. बरोबर आहे, दादरला काउंटरवर उभं राहून बेंझिडिनबद्दल कोणी विचारत नाही. ते गिऱ्हाईक माझ्यावर विश्वास टाकून विचारत नाही. त्याचं विचारण्याचं काम माझ्यावर आलं. आणि धंद्याच्या भाषेत बोलायचं तर, परदेशी खरेदीदार विचारतो, मोठा ब्रँड विचारतो, उद्या ऑनलाइनवाला विचारेल. ज्या दिवशी तो विचारेल त्या दिवशी फाइल तयार असलेला माणूस ऑर्डर घेऊन जाईल. त्या जर्मनीच्या ताई दोन वर्षांनी परत आल्या. दर सांगायच्या आधी मी त्यांना फाइल पाठवली. यंदा 180 सेट गेले. पहिल्यापेक्षा कमी, पण गेले.

या आठवड्याचा गृहपाठ

एक: तुमच्या मालातला सगळ्यात गडद रंग निवडा आणि तो कुठून येतो ते शेवटच्या डब्यापर्यंत शोधा. कुठे अडलात ते लिहा.

दोन: तुमच्याच धंद्यातल्या दोन माणसांना फोन करा आणि एकच वस्तू एकत्र खरेदी करण्याबद्दल बोला. फक्त एकच.

तीन: आजपासून प्रत्येक बिलावर लॉट नंबर आणि ग्राहकाचा मोबाइल.

तिन्ही झालं की कमेंटमध्ये कळवा. अडचण आली असेल तर तीही लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू. पुरवठादाराचं नाव मात्र लिहू नका, त्याच्याशी आधी समोरासमोर बोला.

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत विचारत राहा, रंग कुठला?